तिसऱ्या ओळीत

६ मार्च, बुधवार

कलासंग्रहालयाच्या उद्घाटनाचे दोन पास! मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या आणि पाकीट ठेवून गेल्या. "शनिवारी यायचं हं. दोन वर्षं नुसती पत्रं टाइप करायची आणि इमारत बघायचीच नाही, असं कसं?"

खरंच की. त्या इमारतीसाठी काचवाल्याशी, लाकूडवाल्याशी, दिवेवाल्याशी — सगळ्यांशी फोनवर भांडले मी. पण तिथे पाऊल टाकलेलं नाही. साइटवर जातात त्या मॅडम आणि बाकीचे आर्किटेक्ट. मी ऑफिस सांभाळते.

आधी हे कलासंग्रहालय बँकेच्या वरच्या दोन मजल्यांवर होतं. अंधारं, लिफ्ट कायम बंद, वर पोचेपर्यंत कलेची हौस फिटायची. आता ते जुन्या क्रीडागृहात आलंय. ऑफिसात सगळ्यांना ती गोष्ट पाठ आहे — संग्रहालयाचे संचालक म्हणत होते लाकडी जमीन उखडा, पांढरा दगड घाला. मॅडम अडून बसल्या. जमीन राहील आणि तिच्यावरच्या खेळाच्या रंगीत रेघासुद्धा राहतील! राहिल्या.

"बरोबर कोणाला आणतेस?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"भावाला," मी म्हटलं. क्षणाचाही विचार न करता. दादा या शहरात राहतसुद्धा नाही!

आत्याला आणते म्हणायला काय झालं होतं? पण मग — आत्या तुझ्याकडे असते? का? काय झालंय? मग सगळंच. रोज सहाच्या ठोक्याला मी पर्स उचलते तेव्हा या मंडळींना वाटतं मी कुठल्याशा क्लासला जाते. मीच तसं सांगितलंय. कसला क्लास ते अजून माझंच ठरलेलं नाही.


८ मार्च, शुक्रवार

झालं! आत्याला सांभाळायला येणारी ताई उद्या येणार नाही. तिच्या बहिणीचं ऑपरेशन आहे. तिला तरी काय बोलणार? शेजारच्या काकू मुलीकडे गेल्यात. कुलूप लावून जायचं? मागे एकदा लावून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, तर ही खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या लोकांना सांगत होती की शिपायाने तिला वर्गात कोंडलंय.

न गेले तर? — नाही, मला जायचंय. एकदा तरी त्या लोकांच्यात उभं राहायचंय. चहाची बिलं घेऊन नाही. नुसतं.

नेते तिला. तासाभराचा तर प्रश्न आहे. आई गेल्यावर दादाला आणि मला जिने वाढवलं, मुलींची अख्खी शाळा जिने एका शिट्टीवर सरळ उभी केली, त्या पी.टी.च्या बाईंना चार चित्रं दाखवायला न्यायचं तर एवढा कसला विचार? कोणी विचारलंच तर सांगायचं, ही माझी आत्या. त्यात काय!


९ मार्च, शनिवार

लिहवत नाही. ती जेवली. झोपली.


१० मार्च, रविवार

लिहिते. कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि या पानाला तोंड नाही.

गेलो तेव्हा आत्या छान होती. करडा कोट, तशीच पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट — दुसरे घालायला तयारच नव्हती — आणि पाठ अशी ताठ की मीच खांदे मागे घेतले. दारात पत्रक दिलं. त्यात लिहिलं होतं, आज दालनांमध्ये अनपेक्षित परफॉर्मन्स होतील, पाहुण्यांनी त्यात मनमोकळं सामील व्हावं. मी वाचलं आणि पर्समध्ये टाकलं.

पहिल्या दालनात एक कोरा कॅनव्हास. आत्या पुढून बघून आली, बाजूने बघून आली. "हे अजून सुरूच नाही केलं वाटतं." पुढच्या दालनात चपला-बुटांचा माणसाएवढा ढीग. "पायताणं आत कोणी आणली? बाहेर ओळीत लावायला सांग." शेजारचं जोडपं हसलं. मीही हसले. वाटलं, निभतंय की!

मग मोठा हॉल. काय सुंदर झालाय! वरून पांढरा उजेड, भिंतींवर मोजकी चित्रं, आणि खाली ती मधाच्या रंगाची जमीन — लाल, पिवळ्या, निळ्या रेघा एकमेकींना कापत गेलेल्या. आत्या दारातच थांबली. बुटाचं टोक निळ्या रेघेला लावलं तिने.

तेवढ्यात पलीकडून मॅडमनी हात केला. "इथे बस हं, मी आलेच," म्हणून मी आत्याला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं आणि गेले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवून संचालकांना सांगितलं, "हिच्याशिवाय ही इमारत उभी राहिली नसती." सगळ्यांच्या देखत! आमच्या ऑफिसातला ढापण्या — जाड चष्म्याचा तो तरुण आर्किटेक्ट, मी मनातल्या मनातच त्याला असं म्हणते — त्याने माझ्यासाठी सरबताचा ग्लास आणला. मी दोन वाक्यं काहीतरी बोलले, ते हसले. मी आत्याला विसरले. खरंच विसरले.

आणि शिट्टी वाजली. तोंडात दोन बोटं घालून मारायची ती. सगळा हॉल गप्प.

"ओळी करा! बघता काय? ओळी करा! एका हाताचं अंतर!"

आत्या मधोमध, निळ्या रेघेवर उभी. लोक आधी बावरले. मग कोणीतरी हसत हसत उभं राहिलं, मग त्याच्या बाजूला दुसरं. पत्रकात लिहिलंच होतं ना! ग्लास खाली ठेवून माणसं भराभर ओळी करायला लागली. मॅडमनी माझा हात ओढला. "चल, चल, मस्त आहे!" आणि मी गेले. तिसऱ्या ओळीत. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला ढापण्या, त्याचा फोन सुरू.

हात समोर. हात बाजूला. हात वर. एक-दोन, एक-दोन. आत्याचा आवाज — मी विसरलेच होते तो आवाज! गेलं वर्षभर ती घरात पुटपुटते नुसती. इथे छताला लागत होता. लाल स्कार्फवालीला म्हणाली, "हसायला काय झालं? दात मोजायचेत का?" संचालकांचा कोपर सरळ केला तिने. "पोट आत. दाढी आली म्हणून कवायत सुटत नाही." काय हसले लोक! संचालकांनी खरंच पोट आत घेतलं.

तेव्हा मला अभिमान वाटला. आत्ताही लिहिताना वाटतोय. मग तेव्हाच का नाही सांगितलं?

मॅडमनी विचारलं होतं. हात वर धरलेल्या, तोंड न वळवता. "कोण गं ही बाई? काय जबरदस्त आहे!"

"माहीत नाही," मी म्हटलं.

कारण सांगितलं असतं तर पुढचं विचारलं असतं. कारण ती आत्ता त्यांना थोर वाटत होती आणि मी सांगितलं की ती नुसती म्हातारी झाली असती. ही कारणं मी आज शोधलीत. तेव्हा फक्त जीभ वळली.

मग ती अडकली. "एक. दोन. एक…" पुढचं येईना. हात खाली आले. ओळींकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. आवाज एकदम लहान. "घंटा झाली का?" कोणी उत्तर देईना. सगळे हात बाजूला पसरून, एका हाताच्या अंतरावर, तिच्या हुकमाची वाट बघत उभे. "माझ्याबरोबर दोन पोरं होती. एक मुलगा, एक मुलगी. कोणी बघितली का? मुलगी लहान आहे हो." एकेका ओळीसमोर जाऊन विचारायला लागली. पहिल्या ओळीतल्या माणसाची बाही धरली तिने. तो हसला आणि तसाच उभा राहिला. "बघा ना जरा. ती घाबरेल." आता ती रडत होती.

पाय हलले नाहीत, असं लिहिणार होते. खोटं. पाय हलले असते. दोन ओळी ओलांडायच्या होत्या फक्त.

तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. आणि पुढे गेली. ओळखलं नाही — बरं झालं, असं वाटलं मला! त्यानंतर ती काही बोलली नाही. रडायचीही थांबली. नुसती उभी राहिली. मग तिच्या पायांशी ओल दिसली. करड्या पँटवरून खाली, पांढऱ्या बुटांवरून, निळ्या रेघेवर.

कोणीतरी श्वास आत घेतला. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती धाडस आहे बघ हिच्यात."

"हो ना," मी म्हटलं.

हो ना. हे दोन शब्द.

मग टाळ्या. कडकडाट! आत्याने दोन्ही कान दाबून घेतले. पहाऱ्यावरची एक बाई कडेने आली, स्वतःचा कोट काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिला बाजूच्या दाराने घेऊन गेली. लोकांना तेही त्यातलंच वाटलं. भाषणं सुरू झाली. हॉल रिकामा झाल्यावर मी त्या दाराशी गेले. "या माझ्या आत्या. मी बाथरूमला गेले होते." कोट पहारेकरणीने परत मागितला नाही.

टॅक्सीत आत्या शांत. घरी आंघोळ घातली. बुटांकडे बघून म्हणाली, "कोणीतरी पाणी सांडलं वाटतं." बस. तिला काही आठवत नाही. हे एक बरं.


११ मार्च, सोमवार

ऑफिसात दुसरा विषय नाही. ढापण्याने काढलेला व्हिडिओ संग्रहालयाने आपल्या पानावर टाकलाय — 'पोट आत'पर्यंतचाच. पुढचं काढायचं धाडस झालं नाही म्हणतो. (त्याचं तरी झालं नाही!) मोठ्या पडद्यावर लावला. "थांब थांब, ही बघ!" मी दिसते. तिसरी ओळ, हात अगदी सरळ. "शाळेत पहिला नंबर असणार तुझा!" सगळे हसले. मीही हसले.


१२ मार्च, मंगळवार

दादाचा फोन. मला वाटलं, आता संपलं.

"अगं, काय बघतोय मी! आपली आत्या! काय खणखणीत आवाज लागलाय! मला वाटलं, पुन्हा सहावीत गेलो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू म्हणतेस तशी काही ती खचलेली वाटत नाही. तू जरा जास्तच काळजी करतेस हं. आणि डॉक्टर तर काय, घाबरवायलाच बसलेत." मग म्हणाला, "तू पण उभी होतीस की! दोघींनी मिळून बसवलंत का हे?"

"हो," मी म्हटलं.

त्याचा आवाज इतका हलका कितीतरी महिन्यांनी ऐकला. शेवटी म्हणाला, "तिला फोन दे." दिला. आत्याने त्याला विचारलं, "आपण कोण बोलताय?" तो खो खो हसला. त्याला वाटलं ती गंमत करतेय.


१४ मार्च, गुरुवार

पेपरात आलं. कलासमीक्षकाने इमारतीला दोन ओळी दिल्या आणि त्या "अनामिक कलावती"ला अर्धा रकाना. "विस्मरणाचं इतकं निष्ठुर आणि नेमकं दर्शन." "शेवटची काही मिनिटं ज्यांनी पाहिली ते भाग्यवान." मॅडमनी कात्रण फळ्यावर लावलं. इमारतीला दोनच ओळी म्हणून थोड्या खट्टू आहेत.

पाणी प्यायला गेले की फळा दिसतो. आज पाणी कमी प्यायले.


१५ मार्च, शुक्रवार

नखं कापताना आत्या मला चावली. चांगला वळ उठेपर्यंत. बरं वाटलं.


१८ मार्च, सोमवार

हे म्हणजे कहर झाला.

संचालकांचा मॅडमना फोन. त्यांना त्या बाई हव्यात. दर शनिवारी तोच परफॉर्मन्स करायचा, हॉलमध्येच. पण त्या कोण, कोणी बोलावल्या, कोणालाच ठाऊक नाही! परफॉर्मन्सवाले म्हणतात, आमच्यातली नव्हे. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू शोधून काढ. तुझ्याइतकं चिकाटीचं कोण आहे इथे? काचवाल्याला कसा शोधून काढला होतास, तसं."

"बघते," मी म्हटलं.


१९ मार्च, मंगळवार

आज दिवसभर मी माझ्या आत्याला शोधलं. नाटकवाल्यांना फोन केले, नृत्याच्या शाळेला केला, चित्रकलेच्या कॉलेजला केला. "साधारण पंचाहत्तरीच्या, ताठ चालतात, आवाज मोठा." प्रत्येकाला तिचं वर्णन केलं. एक जण म्हणाला, "अहो, माझी आई अगदी अशीच आहे, पण ती कलाकार नाही." मी म्हटलं, "नाही, आम्हाला कलाकारच हव्यात." फोन ठेवला आणि यादीतला पुढचा नंबर फिरवला.

सहाला घरी. कलाकार खुर्चीत बसून मोजे घडी करत होत्या. उलगडायच्या, पुन्हा घडी.


२० मार्च, बुधवार

मॅडमनी संग्रहालयात पाठवलं. "तिथल्या स्टाफला प्रत्यक्ष विचार." गेले. पहारेकरणीचा कोट धुऊन, इस्त्री करून पिशवीत घेतला होता. द्यायचा होताच. की तिचं तोंड बंद करायला? दोन्ही.

तीच होती हॉलच्या दाराशी. कोट घेतला, वास घेऊन बघितला.

"कशा आहेत?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत." मग मी म्हटलं, "ऑफिसच्या कामाने आलेय. त्या दिवशीच्या त्या… म्हणजे संग्रहालय त्या कलाकाराला शोधतंय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, जमीन उखडायला हवी होती. सगळी. आणि मला खाली घालायला हवं होतं.

"मी पुसली ती जमीन," ती म्हणाली. "गुडघ्यावर बसून. एक बाई वाकून माझा फोटो काढत होती. मला वाटलं, हिला मारावं." मग कोट अंगात घालता घालता म्हणाली, "तुमची बाथरूम फार लांब होती वाटतं."

"कोणाला सांगितलंत का?"

"मला कोण विचारतंय? आणि विचारलं तरी मी का सांगू? तुमच्या घरातलं माणूस आहे."

तेवढ्यात शाळेतल्या मुलींची रांग आत आली आणि ती "भिंतींना हात नाही!" म्हणत त्यांच्या मागे गेली. मी बाहेर पायऱ्यांवर बसले. समोरून येणारे-जाणारे आत जात होते. काही जण निळ्या रेघेचा फोटो काढायला आलेले. एका जोडप्याने मला विचारलं, ती आजी आज आहे का?


२१ मार्च, गुरुवार

उद्या सांगते.


२२ मार्च, शुक्रवार

मॅडम दिवसभर साइटवर. हुश्श झालं. त्या हुश्शचीही लाज.


२३ मार्च, शनिवार

सांगितलं.

सगळे अर्ध्या दिवसाने निघाले तेव्हा केबिनचं दार वाजवलं. "मॅडम, त्या बाई सापडल्या."

त्यांनी हातातलं पेन खाली टाकलं. "काय सांगतेस! कोण आहेत?"

"माझी आत्या. माझ्याकडेच असते."

मॅडमनी टाळी वाजवली! "आणि तू इतके दिवस… अगं, काय गं तू! आतल्या गाठीची आहेस हं!"

"मॅडम, तो परफॉर्मन्स नव्हता. तिला विसरायला होतं. ती शाळेत पी.टी. शिकवायची. ती जमीन बघून तिला वाटलं, शाळेत आहोत."

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. उतरायला जरा वेळ लागला.

"पण शेवटी त्या रडत होत्या, ते?"

"खरंच रडत होती."

"आणि ते…" पुढे बोलल्या नाहीत.

"हो. तेही."

त्या टेबलावरच्या काचेकडे बघत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "तू माझ्या शेजारी होतीस."

"हो."

"मी तुला काहीतरी म्हणाले तेव्हा."

"धाडस आहे म्हणालात."

"आणि तू?"

"हो ना म्हटलं."

मॅडम उठल्या. मला वाटलं, जवळ येतील. नाही आल्या. खिडकीशी गेल्या आणि पाठ करूनच बोलल्या. रागाने. "मला काय समजलीस तू? एक शब्द बोलली असतीस तर मी स्वतः हाताला धरून बाहेर आणलं असतं त्यांना! कोण आणणार नाही? मी तिथे उभी राहून… टाळ्या वाजवल्या मी!"

खरंच आणलं असतं त्यांनी. तेच तर. घाबरण्यासारखं काही नव्हतंच. मी ज्यांना घाबरले ती माणसं अशी नव्हतीच, मीच त्यांना तशी धरून चालले. म्हणजे माझ्याकडे आता तेवढंही निमित्त उरलं नाही.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"माझी कसली माफी मागतेस?" त्या म्हणाल्या. "घरी जा."


२४ मार्च, रविवार

दादालाही सांगितलं. अर्धं सांगून अर्धं ठेवायचं नाही असं ठरवून फोन केला. मागे त्याच्या घरात भांडी वाजत होती.

"म्हणजे ती बरी होत नाहीये."

"नाही."

"मी सगळ्यांना दाखवला तो व्हिडिओ. ऑफिसात, सासरी." मग एकदम, "आणि तू कुठे होतीस?"

"तिसऱ्या ओळीत."

"ते दिसलं मला. ती रडायला लागली तेव्हा कुठे होतीस?"

"तिथेच."

त्याने फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा केला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आठ दिवस राहायला. "आत्याकडे येतोय," म्हणाला. तुझ्याकडे नाही, हे मला कळावं म्हणून. पण घर एकच आहे. गादी काढून उन्हात टाकली.


२६ मार्च, मंगळवार

व्हिडिओ काढून टाकला. संचालकांचा फोन आला — मलाच, थेट. ते माफी मागत होते, मी माफी मागत होते, दोघांचे शब्द एकमेकांवर आपटत होते. शेवटी ते म्हणाले, "त्यांनी माझा कोपर सरळ केला होता. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की किती वर्षांनी कोणीतरी माझ्यावर ओरडलं." मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी फोन ठेवला. फळ्यावरचं कात्रण कोणी काढलं माहीत नाही. टाचणी तशीच आहे.

दोन दिवस मॅडम माझ्याशी ढापण्याकरवी बोलत होत्या. आज सहाला पर्स उचलली तर टेबलापाशी उभ्या.

"क्लास वगैरे काही नसतो ना तुला?"

"नाही."

"पाचला निघत जा." आणि गेल्या. मागे वळून बघितलं नाही. पण म्हणाल्या ना!

लाज गेलेली नाही. पण आता उठता-बसता टोचत नाही. ज्यांना ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालं. आणि जिचा खरा अपराध केला तिला काही आठवतच नाही. देवाने एवढं एक बरं केलं.


२८ मार्च, गुरुवार

सकाळी तिचे केस विंचरत होते. आज तिचे डोळे स्वच्छ होते. मला 'खारू' म्हणाली — लहानपणीचं नाव, कितीतरी दिवसांनी. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या मोठ्या हॉलमध्ये किती शोधलं तुला. मग दिसलीस. पण तू ओळख दाखवली नाहीस, म्हणून मीही नाही दाखवली. तुझ्या बाई होत्या ना शेजारी."

माझा हात थांबला.

"ओरडल्या नाहीत ना गं तुला?"